खुबा मोडल्यानंतर : घराची आणि गावाची जबाबदारी

वृद्धापकाळी माणूस पडतो तो बहुधा स्वतःच्या घरातच. पहाटे न्हाणीकडे जाताना ओल्या फरशीवरून पाय सरकतो, उंबरठ्याला ठेच लागते, अंधारात पायरीचा अंदाज चुकतो आणि जेमतेम उभ्या उंचीवरून झालेल्या त्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते. तरुण माणसाला नुसते खरचटावे एवढाच तो आघात असतो. परंतु वयपरत्वे हाडे आतून विरळ व ठिसूळ झालेली असतात. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर ही झीज अधिक वेगाने होते. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या खोबणीत बसतो. त्या माथ्याला उरलेल्या हाडाशी जोडणारी मान, किंवा तिच्या लगतचा खालचा भाग, मोडतो. पाय आखूड दिसू लागतो, बाहेरच्या बाजूस वळतो, आणि पडलेल्या माणसाला बहुधा उठून उभे राहता येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होती. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. खुबा मोडलेल्या दर चार-पाच वृद्धांपैकी एक जण वर्षाच्या आत दगावतो, असा निरनिराळ्या देशांतील अनुभव आहे. आणि जे जगतात त्यांपैकी सुमारे निम्म्यांना पूर्वीसारखे हिंडता-फिरता येत नाही. ही हानी सारीच हाड मोडल्यामुळे होत नाही. बरीचशी त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत, खाटेवर होते. हाड बसविण्याचे काम शल्यचिकित्सकाचे आहे आणि ते काम आज जिल्ह्याच्या ठिकाणी उत्तम रीतीने होऊ शकते. माणसाला पुन्हा चालते करण्याचे काम मात्र घरात आणि गावात होत असते, आणि ते कोणाच्याच नावावर लिहिलेले नाही.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी थोडेसे. ‘या वयात आता चिरफाड कशाला’ हे वाक्य अनेक घरांतून ऐकू येते. त्यामागे वडीलधाऱ्यांविषयीची कणव असते, क्वचित खर्चाची धास्तीही असते. परंतु शस्त्रक्रिया टाळून पायाला वजन लावून आठवडेच्या आठवडे पडून राहणे हे वृद्ध शरीराला शस्त्रक्रियेहून अधिक घातक ठरते. फारच थोड्या रुग्णांच्या बाबतीत प्रकृतीमुळे तसे करणे भाग पडते. ब्रिटनमध्ये ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असा दंडक आहे. आपल्याकडे पहिले दोन-तीन दिवस तेल लावण्यात, हाडवैद्याकडे नेण्यात आणि मुंबई-पुण्याच्या मुलांची वाट पाहण्यात जातात. पडल्यावर उठता येत नसेल तर पाय न ओढता, न चोळता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, एवढे प्रत्येक घरी ठाऊक असले पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी येतो आणि सारे घर त्याला एकच गोष्ट सांगू लागते : आराम करा. येथेच मोठा घात होतो. २००७ मध्ये अमेरिकेत निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणात पडून राहण्यास सांगितले गेले. कोणालाही दुखापत नव्हती, आहारही व्यवस्थित होता. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झडले. मग ज्याचा खुबा मोडला आहे, ज्याच्या पोटात धड अन्न जात नाही, अशा पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचे सहा आठवड्यांत काय होत असेल, याची कल्पना करावी. पाठीला जखमा होतात. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. पायातील रक्त गोठते. कित्येकदा माणूस रात्री भलतेसलते बोलू लागतो आणि घरचे लोक त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. तो बहुधा उपचाराने बरा होणारा भ्रम असतो. त्याच्यामागे लघवीचा दाह, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठ किंवा एखादे औषध असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना कळविणे हेच योग्य.

आधुनिक शस्त्रक्रियेत हाड खिळ्यांनी, पट्टीने वा कृत्रिम माथा बसवून भक्कम केलेले असते. ते भक्कम करण्याचा हेतूच हा असतो की, रुग्णाने दुसऱ्याच दिवशी उभे राहावे. बहुतेक रुग्णांना पायावर सोसेल तेवढे वजन टाकण्याची मुभा असते. काहींना नसते. म्हणून घरी आणण्यापूर्वी नातेवाइकांनी तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे मराठीत लिहून घ्यावीत : पायावर किती भार द्यायचा, कोणत्या रीतीने बसायचे नाही, आणि पुन्हा दाखवायला केव्हा यायचे. रुग्णालयाच्या कार्डावरील इंग्रजी संक्षेप आशा कार्यकर्तीलाही उलगडत नाहीत, मग घरच्यांना कसे उलगडावेत?

यानंतर सगळ्यांत अवघड प्रश्न उभा राहतो तो शौचाचा. सभ्यतेच्या कल्पनेमुळे भाषणांतून त्याचा उच्चार होत नाही, पण खुब्याच्या रुग्णाचे पुनर्वसन पुष्कळदा याच एका ठिकाणी अडते. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात गावोगाव शौचालये झाली, ही मोठी गोष्ट आहे. तथापि त्यांतील बहुतेक उकिडवे बसण्याची आहेत. दार अरुंद, समोर पायरी, आत धरायला काही नाही. कृत्रिम माथा बसविलेल्या रुग्णाने उकिडवे वा मांडी घालून बसल्यास तो माथा खोबणीतून निसटण्याचा धोका असतो. त्यामुळे म्हातारी माणसे पाणी पिणे कमी करतात, जेवण निम्म्यावर आणतात, सुनेला त्रास नको म्हणून दिवसदिवस कळ काढतात. लाजेपोटी पत्करलेली ही उपासमार औषधाने भरून निघत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. मध्ये भोक असलेली, सुमारे दीड फूट उंचीची, चारही पायांना रबर लावलेली लोखंडी खुर्ची गावातील वेल्डिंगवाला करून देऊ शकतो. ती भांड्यावर ठेवली की काम भागते. भिंतीत पक्का बसविलेला नळाचा तुकडा धरायला पुरतो. न्हाणीत बसायला त्याच उंचीचे स्टूल असावे आणि फरशीवरचे शेवाळ घासून काढलेले असावे. झोळ पडलेली बाज टाळावी. कडक बैठकीची, बसल्यावर गुडघे खुब्याच्या खालीच राहतील इतकी उंच खाट असावी. खाटेपासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्री एक दिवा जळत ठेवावा. उंबरठा काढणे अनेकांना अशुभ वाटते. त्याला दोन्ही बाजूंनी उतार करून दिला तरी भागते, आणि घराची मर्यादाही राहते.

चालण्याचा सराव हा काही गूढ विषय नाही. वॉकरची मूठ मनगटाच्या उंचीला यावी. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. पुढे काठीवर आल्यावर ती दुखऱ्या पायाच्या बाजूला न धरता विरुद्ध हातात धरावी; चुकीच्या हातात काठी घेतलेली माणसे प्रत्येक गावात दिसतात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. खुर्चीवरून उठणे-बसणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत गुणकारी व्यायाम होय. पहिल्या आठवड्यात हाताचा आधार घेऊन पाच वेळा, पुढे दहा वेळा, दिवसातून तीनदा. बॉस्टन येथील एका अभ्यासात खुबा मोडलेल्या २३२ वृद्धांपैकी काहींना नेहमीचे उपचार संपल्यावर असेच उठण्या-बसण्याचे, पायरी चढण्याचे व्यायाम घरी शिकविण्यात आले. तज्ज्ञांच्या मोजक्या भेटी आणि सहा महिन्यांचा नियमित सराव, एवढेच त्याचे स्वरूप होते. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फरक डोळे दिपविणारा नव्हता, पण निश्चित होता. आणि तो नेहमीचे उपचार संपून गेल्यानंतर पडलेला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिक्षकांना येथे एक काम सहज करता येईल. ज्या घरी असा रुग्ण आहे तेथील पाचवी-सहावीच्या मुलाला एक वही आखून द्यावी आणि आजीच्या उठाबशा रोज मोजून लिहायला सांगावे. आजी नातवाचे ऐकते, मुलाचे ऐकत नाही, हे कोणाला सांगायला नको.

हा सारा भार प्रत्यक्षात कोणाच्या अंगावर पडतो? बहुतेक घरी सुनेच्या, आणि ती पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारी असते. घरी थांबली तर रोज बुडतो, गेली तर सासूला पाणी द्यायला कोणी नाही. ‘सेवा’ या शब्दाने ही अडचण झाकली जाते, सुटत नाही. गावातील बचत गटाने पहिल्या सहा आठवड्यांसाठी आळीपाळीने दुपारचे दोन तास वाटून घेतले, तरी रुग्ण दिवसातून एकदा जास्त उभा राहील आणि त्या सुनेचा अर्धा रोज तरी वाचेल. एकट्या राहणाऱ्या विधवांच्या बाबतीत तर याशिवाय दुसरा मार्गच नाही.

आता शासकीय व्यवस्थेकडे वळावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांमुळे शस्त्रक्रियेचा आर्थिक धसका बराच कमी झाला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्वच नागरिकांना आयुष्मान योजनेत घेण्यात आले, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. परंतु रुग्ण घरी गेल्यानंतर अशा योजनांचे संरक्षण दहा-पंधरा दिवसांपुरतेच असते. चालणे परत येण्याचा काळ तर तेथून सुरू होतो आणि सहा महिने, कधी वर्षभर चालतो. शस्त्रक्रियेवर एवढा खर्च करून पुढे माणूस खाटेलाच खिळून राहणार असेल, तर तो खर्च अर्ध्यावर सोडलेल्या पुलासारखा होय. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याच्या आखणीत प्राथमिक आरोग्य केंद्रात दर आठवड्याला वृद्धांची तपासणी, ग्रामीण रुग्णालयात पुनर्वसन कर्मचारी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेटी या सर्व गोष्टी होत्या. नवी योजना काढण्यापूर्वी ही जुनी आखणी आपल्या तालुक्यात कोठवर पोहोचली, हे पंचायत समितीने एकदा विचारावे.

मुख्य उणीव आहे ती निरोपाची. जिल्हा रुग्णालयातून रुग्ण सुटला हे गावच्या आशा कार्यकर्तीला बहुधा शेजाऱ्यांकडून कळते. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला त्याच दिवशी दूरध्वनी गेला, पहिल्या आठवड्यात एक भेट झाली आणि तिसऱ्या व सहाव्या आठवड्यात त्या भेटीची पुनरावृत्ती झाली, तर पाठीची जखम, पोटरीची सूज, थांबलेले चालणे हे सारे वेळीच नजरेस येईल. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक गावात मिळणे आज शक्य नाही. जिल्ह्याच्या फिजिओथेरपिस्टने आशा कार्यकर्तींना एक दिवस प्रत्यक्ष वॉकर हाती देऊन शिकविणे मात्र शक्य आहे, आणि ते छापील पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

एकदा खुबा मोडलेल्याचे दुसरे हाड मोडण्याचा धोका मोठा असतो. तरीही हाडांच्या ठिसूळपणावर औषध न घेताच पुष्कळ रुग्ण घरी जातात. वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या झोलेड्रोनिक आम्लाने पुढील अस्थिभंग सुमारे एक-तृतीयांशाने घटले आणि मृत्यूही कमी झाले, असे खुबा मोडलेल्या २,१२७ रुग्णांच्या अभ्यासात २००७ मध्ये दिसून आले. ते कोणाला द्यावे हे डॉक्टरच ठरवतील, पण विचारायला हरकत नाही. त्याबरोबरच ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, रोजच्या जेवणात डाळ, दूध, चालत असल्यास अंडे, वाढलेल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, आणि झोपेच्या गोळ्या खरोखरच लागतात काय याची तपासणी, एवढे व्हावे.

राहिला साधनांचा प्रश्न. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठ्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या देण्यासाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. परंतु ती शिबिरांतून चालते, आणि खुबा काही शिबिराची तारीख पाहून मोडत नाही. ज्याला वॉकर लागतो त्याला तो घरी येण्याच्या दिवशीच लागतो. उलट पक्षी, घेतलेला वॉकर चार महिन्यांनी माळ्यावर जाऊन पडतो. या सभेला आलेल्या सरपंचांनी गावात असे किती वॉकर पडून आहेत याची विचारपूस केली, तर विकत घेण्याची वेळ कदाचित येणारच नाही. दोन वॉकर, दोन काठ्या, शौचाची एक खुर्ची, एक चाकांची खुर्ची, एवढा संच ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवावा. नेताना नोंदवहीत सही आणि परत करताना सही, अनामत घेऊ नये. किल्ली ग्रामसेवक नसतानाही मिळेल अशा ठिकाणी असावी, आणि वॉकरच्या पायांची रबरी बुचे झिजली की ती लगेच बदलावीत; तालुक्याच्या बाजारात ती थोड्या पैशांत मिळतात.