मांगूर, शेततळे आणि शेतकऱ्याचे स्वातंत्र्य
(मुलचेरा येथील मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणे झाले आहे. ज्वारीचा पेरा का घटला, त्यावरही झाले. आता मला मासोळीवर बोलायला सांगितले आहे. पाठीमागे काही जण हसले, ते मी पाहिले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मेळाव्यात मासोळी कशाला? पण २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' आले, गावोगावी खड्डे झाले आणि त्यांत चार महिने पाणी राहू लागले. पाणी दिसले की बीजवाला व्यापारी येतो. तो म्हणतो, "रोहू-कटल्याच्या भानगडीत पडू नका. हे बीज टाका. पाणी आटले तरी मरत नाही, काहीही खाते, सहा-आठ महिन्यांत किलोचे होते." त्याचे शब्द खोटे नसतात. मासा खरेच तसा आहे. फक्त त्याचे नाव तो नुसते 'मागूर' सांगतो आणि बंदीची गोष्ट सांगत नाही.

आपला देशी मागूर वेगळा. मुलचेऱ्याच्या बंगाली गावांतल्या भावांना तो मी शिकवायला नको; आजाऱ्याला, बाळंतिणीला त्याचा रस्सा देतात. तो अर्धा किलोचा झाला तरी मोठा म्हणायचा. व्यापारी आणतो तो आफ्रिकेतला. बाजारात त्याला थाई मांगूर म्हणतात. १९९० च्या दशकात तो बांगलादेशातून बिनपरवाना आपल्याकडे आला. मीटरभराहून लांब वाढतो. अंगावर चट्टे, डोके चपटे आणि तोंड मोठे. तो हवेतून श्वास घेतो, म्हणून चिखलात तग धरतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. दुसऱ्या माशांची अंडी, पिल्ले, बेडूक, सगळे खातो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्यावर बंदी घातली. अंमलबजावणी झोपलेली होती. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने कान उपटले, तेव्हा २०१९-२० मध्ये आपल्या राज्यात धाडी पडल्या आणि टनावारी मासा खड्ड्यात गाडला गेला.

इथे आपल्या चळवळीपुढे अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मी टाळणार नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर गावी, आपल्या लोकांनी मंजुरी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे उघडपणे लावले. आपण म्हणालो, शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे, काय पेरायचे ते दिल्लीने ठरवू नये. मग एखादा तरुण विचारतो, "कापसाची बंदी मोडायची आणि माशाची पाळायची, हे कसे?" प्रश्न रास्त आहे.

माझे उत्तर असे. कापूस माझ्या शिवारात उभा असतो. नको झाला तर उपटतो, पऱ्हाटी जाळतो, पुढच्या साली तूर पेरतो. वाऱ्याने, भुंग्याने थोडे पराग इकडेतिकडे जातात, हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण पऱ्हाटी बांध ओलांडून चालत जात नाही. मासा जातो. जुलैत शेततळे फुटले किंवा सांडव्यावरून वाहिले, की तो नाल्यात, नाल्यातून दिना नदीत, दिनेतून प्राणहितेत, पुढे सिरोंच्यापाशी गोदावरीत. तिथून त्याला परत बोलावणारा अजून जन्मलेला नाही. माझ्या नफ्यातोट्याचा धनी मी आहे, पण प्राणहितेतल्या मासोळीचा धनी मी एकटा नाही. त्यावर ढिवर आहे, केवट आहे, भोई आहे, पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणारा माडिया आहे. दुसऱ्याचे ताट उलथवण्याचे स्वातंत्र्य आपण कधी मागितले नव्हते.

म्हणून सरकार शहाणे, असे मात्र कुणी समजू नये. नदी-तलावांत परदेशी मासे आणले कुणी? डासांसाठी गंबुसिया १९२८ मध्ये इंग्रज अमलात आला. तिलापी, ज्याला आपण चिलापी म्हणतो, १९५२ मध्ये आणली. त्याच दशकात सायप्रिनस, चंदेरा, गवत्या आले. हे सारे सरकारी हातांनी, उत्पादन वाढवायला. आज उजनीच्या जाळ्यात चिलापीच चिलापी येते. तिथला मच्छीमार तिच्यावर जगतो, हेही खरे. तिला संपवा म्हटले तर आधी तोच काठी घेऊन उठेल. शौकिनांनी काचेच्या पेटीतून बाहेर सोडलेला सकर मासा त्याच उजनीत सापडतो. त्याला खायला कुणी घेत नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. या कुठल्याच माशासाठी कोण्या साहेबाची वेतनवाढ थांबल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शेतकऱ्याच्या तळ्यावर मात्र पोलीस घेऊन येतात.

पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांचेच पाहा. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून सहा हजारांवर आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालक गेला तशी देखभालही गेली. गाळ साचला, बेशरम माजली. मग बाहेरचे बीज टाकून टनात मासा मोजण्याचे धोरण आले. गवत्या पाण्यातली वनस्पती खातो. ती वनस्पती गेली की देशी माशाला अंडी घालायला जागा उरत नाही. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवर बायाबापड्यांनी उलटी वाट धरली. बेशरम उपटली, आटलेल्या तलावाचा तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासोळी पुन्हा दिसू लागली. तळ नांगरणे हे तर आपलेच काम आहे. तलावाला पीक समजून त्यांनी ते केले.

विष टाकून मासा मारा, असेही काही जण सुचवतात. अमेरिकेत हाच चंदेरा आणि त्याचे भाऊबंद तळी साफ करायला नेले होते. ते सुटून मिसिसिपी नदीत पसरले. डिसेंबर २००९ मध्ये शिकागोजवळच्या कालव्यात विष सोडले. हजारो किलो मासे उलटे झाले आणि ज्याला शोधत होते तो परदेशी मासा त्यात एकच हाती लागला. नदीत विष हा उपाय नव्हे. तो करायचा तर बंदिस्त तळ्यातच.

गंबुसियाबद्दल एक शब्द. आपला जिल्हा मलेरियाचा आहे, लेकरे तापाने गेलेली घरे या मंडपात बसली आहेत. आरोग्य खात्याने टाक्यांत, विहिरींत गप्पी सोडले तर माझी हरकत नाही. नाल्यात, बोडीत सोडू नका, एवढेच. बोडीत बेडूक आहेत आणि आपले लहान मासेही आहेत. डासांच्या अळ्या तेही खातात.

आता ज्यांच्या तळ्यात मांगूर आधीच पडला आहे त्यांनी काय करायचे? घाबरून नाल्यात सोडू नका, बोडीत तर मुळीच नाही. तळे एप्रिल-मेमध्ये आटवा. जाळ्याने काढा, मग चिखलात हात घालून काढा, कारण तो चिखलातच दडतो. काढलेला मासा चुन्यासकट खोल पुरा. उरलेल्या पाण्यात मोहाच्या बियांच्या तेलाची ढेप टाकतात. तिने बाकीचे मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांत तिचे खत होते. पण हवेतून श्वास घेणाऱ्या या माशाबाबत नुसत्या ढेपेवर विसंबू नका. तळ चांगला तडकेपर्यंत उन्हात राहू द्या. आणि हे सगळे मिरगाच्या आधी.

आपल्या मागण्या आता ठरावात येतील. बीज विकणाऱ्याने मासळीचे नाव लिहून पावती द्यावी. पावतीवर रोहू आणि तळ्यात मांगूर निघाला, तर भरपाई विकणाऱ्याकडून वसूल व्हावी. तळे उपसायचा खर्च सरकारने द्यावा, कारण बंदी त्याची आणि वीस वर्षांची झोपही त्याचीच. मरळ, शिंगी आणि देशी मागूर यांचे बीज या जिल्ह्यातच मिळावे, नाहीतर पोरगा परत त्याच व्यापाऱ्याकडे जाईल. आणि गावच्या तलावात कोणता मासा सोडायचा ते ग्रामसभेने ठरवावे. लहान जलसाठ्यांचा कारभार १९९६ च्या पेसा कायद्याने पंचायतीकडे दिला आहे, आणि मासोळीवरचा सामूहिक हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलेला आहे. आपला पुष्कळसा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. कागद आपल्या बाजूने आहे, सभा भरवायची राहिली आहे.

ज्या गावांत शेततळी आहेत त्यांनी जेवणाआधी मंडपाच्या डाव्या टेबलावर गावाचे नाव, तळ्यांची संख्या आणि त्यांत काय टाकले ते लिहून द्यावे. मांगूर टाकला असेल तर तेही लिहावे. तो कागद कुठल्याही कचेरीत जाणार नाही, याची जबाबदारी माझी.