नकाशाचें साधन आणि त्याची निगा

विहीर खणणाराचें नांव दगडावर कोरलें जातें. तिचा गाळ काढणाराचें नांव मात्र कोठेंच आढळत नाहीं. आज ज्या साधनाविषयीं बोलावयाचें आहे, त्याची स्थिति कांहींशी अशीच आहे.

हिंगोली जिल्ह्यांत, कळमनुरी तालुक्यांत, आखाडा बाळापूर हें महसूल मंडळ आहे. त्या भागांतील सोयाबीन, तूर व हळद या पिकांचें भवितव्य एका हिशेबावर अवलंबून असतें. पडलेल्या पावसांतील किती पाणी ओढ्यानें वाहून गेलें, किती मातींत राहिलें, किती पिकानें घेतलें आणि विहिरींच्या वांट्यास किती आलें? हा ताळेबंद मांडावयाचा तर जमिनीचा उतार, मातीची जात, पीक आणि रोजचा पाऊस हीं सारीं एकाच नकाशावर आणावीं लागतात.

नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प २०१८ सालीं सुरू झाला. हिंगोली हा त्यांतील एक जिल्हा. त्या प्रकल्पासाठीं मुंबईच्या आय. आय. टी.नें असा ताळेबंद मांडणारी जोड-आज्ञावली रचली आणि ती 'क्यूजीआयएस' या नकाशा-साधनाला जोडली. हें साधन गॅरी शर्मन यांनीं २००२ सालीं अलास्कांत आरंभिलें. तें मुक्त आहे. म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणासहि वाचतां, बदलतां व इतरांस देतां येते. गांवाला पाणी पुरेल कीं नाहीं, हें ज्या रीतीनें ठरावयाचें, ती रीत झांकलेली नसावी. साधन व त्यावरील जोडणी दोन्ही खुलीं असलीं, तर गांवांतील शिकलेला मुलगा वा मुलगीहि तो हिशेब पडताळून पाहूं शकते.

परंतु मुक्त म्हणजे विनाखर्च नव्हे. २०१८ च्या फेब्रुवारींत क्यूजीआयएसची तिसरी आवृत्ति निघाली. जोडण्यांच्या पायाची पायथन भाषाच नव्या रूपांत आली होती. त्यामुळें पूर्वीच्या जोडण्या दुरुस्त केल्यावांचून तींत चालेनात. यांत दोष कोणाचाच नव्हता. पाया बदलला, कीं भिंती सांवराव्या लागतात. ज्या जोडणीला वाली नव्हता, ती मागें पडली.

याउलट 'ग्रास' या साधनाची हकीकत पाहा. अमेरिकन लष्कराच्या इलिनॉयमधील एका संशोधनशाळेनें तें १९८२ सालीं रचण्यास आरंभ केला आणि १९९५ च्या सुमारास काम थांबविलें. आज्ञावली खुली असल्यामुळें टेक्ससच्या बेलर विद्यापीठानें व पुढें जर्मनींतील मार्कुस नेटेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती सांभाळली. १९९९ सालीं तिला सार्वजनिक परवाना मिळाला, आणि ती आजहि चालू आहे. खुलेपणानें जगविण्याची मुभा मिळाली. जगविलें मात्र माणसांनीं.

म्हणून सरकारी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकांत साधन रचण्याच्या खर्चाशेजारीं पुढील वर्षांच्या निगेचाहि आंकडा असावा. महाविद्यालयांनीं चुका शोधून कळवाव्या. मराठी जाणणारांनीं सूचनांचें भाषांतर करावें. ज्याला आज्ञावली लिहितां येत नाहीं, त्यानें आपल्या शिवारांतील ओढा नकाशावर चुकीच्या जागीं दाखविला आहे, एवढें सांगितलें तरी तें मोठें काम होईल. पाणी सर्वांनीं भरावयाचें असेल, तर गाळ काढण्याची पाळीहि सर्वांनींच घेतली पाहिजे.