चांदोबाची वर्गणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा करताना विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही मंडळाने आम्हांस दिले. अशा प्रसंगी भाषा, संस्कृती, परंपरा असे भारदस्त विषय शोभून दिसतात. आम्ही मात्र पोस्टमनच्या पिशवीत मावेल एवढाच विषय घेतला आहे. मुलांचे एक मासिक बंद पडले, आणि ते ज्या घरांत जात होते त्या घरांतून काय नाहीसे झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मासिके निघणे आणि बंद पडणे हे मराठीला नवीन नाही. १८६७ साली सुरू झालेले 'विविधज्ञानविस्तार' सत्तर वर्षे चालून १९३७ साली थांबले. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली काढलेल्या 'मनोरंजन'ने १९०९ साली मराठीला पहिला दिवाळी अंक दिला. तेही पुढे काळाच्या उदरात गेले. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाली. या मासिकांचे इतिहास लिहिले गेले. त्यांत संपादक आहेत, लेखक आहेत, वाङ्मयीन वाद आहेत. वर्गणीदार मात्र त्यांत फारसा आढळत नाही. वास्तविक मासिकाचा संसार त्याच्याच भरवशावर चालतो. स्टॉलवर ठेवलेले अंक विकले जातील की परत येतील, हे प्रकाशकाला महिना संपेपर्यंत कळत नाही. वर्गणीदार मात्र वर्षाचे पैसे आधी मोजतो, आणि तेही अद्याप लिहिल्याच न गेलेल्या मजकुरासाठी! असा विश्वास आपण किराणा दुकानदारावरही टाकीत नाही.

आम्ही ज्या मासिकाविषयी बोलणार आहोत ते म्हणजे 'चांदोबा'. या नावासरशी सभागृहातील कित्येक चेहऱ्यांवर हसू उमटलेले आम्हांस दिसते आहे; तेव्हा ओळख करून देण्याचे श्रम वाचले. तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मंडळींना विशेष जवळची आहे. 'चांदोबा' मुंबईचा नव्हता आणि पुण्याचाही नव्हता. तो मद्रासचा होता. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोन तेलुगू गृहस्थांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, तेलुगू व तमिळ भाषांत हे मासिक सुरू केले. 'पाताळ भैरवी' आणि 'मायाबाजार' हे गाजलेले चित्रपट काढणारी जोडी ती हीच. तेलुगूत त्याचे नाव 'चंदामामा', तमिळमध्ये 'अंबुलिमामा'. हिंदी आवृत्ती १९४९ साली निघाली आणि एप्रिल १९५२ मध्ये मराठी. चंद्र इतर भाषांत मामाच राहिला. मराठीत येताच तो विठोबा-खंडोबांच्या पंक्तीला जाऊन बसला आणि 'चांदोबा' झाला. पुढे गुजराती, इंग्रजी, ओडिया, बंगाली अशी भावंडे वाढत गेली. १९८४ साली संस्कृत आवृत्तीही निघाली.

मूळ मजकूर बहुधा तेलुगूत सिद्ध होई आणि तेथून तो इतर भाषांत उतरे. कोडवटिगंटी कुटुंबराव यांच्यासारखा तेलुगूतील थोर कथाकार १९५२ पासून १९८० साली मृत्यू येईपर्यंत या मासिकाच्या संपादनात गढलेला होता. चित्रकार शंकर यांनी विक्रम-वेताळाचे चित्र काढले. एका हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. ते चित्र मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी पांघरुणातून एक डोळा उघडा ठेवून पाहिले. संस्कृत 'वेतालपंचविंशती'त नावाप्रमाणे पंचवीसच कथा आहेत. 'चांदोबा'तील वेताळ मात्र पंचविशी उलटून गेल्यावरही दमला नाही. शेकडो कथा सांगून तो पुन्हा झाडाला लटकतच राहिला. शंकर २०२० साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. त्यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ज्या मासिकासाठी त्यांनी हात झिजवला ते उरलेले नव्हते.

आता आपल्या घरांकडे वळू. महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलाला मराठी ही हवेसारखी मिळते. दुकानाची पाटी, एस.टी.वरचे गावाचे नाव, भिंतीवरची जाहिरात, सगळे त्याला न मागता वाचता येते. परप्रांतातील आपल्या मुलाची गोष्ट निराळी. तो मद्रासला वा कलकत्त्याला वाढत असेल तर रस्त्यावर देवनागरी अक्षरच त्याला क्वचित दिसते. हिंदी मुलुखात वाढत असेल तर अक्षर ओळखीचे, परंतु 'ळ' दिसला की तो अडखळतो. 'आहे' आणि 'है' यांच्या मध्येच कोठेतरी त्याचे वाक्य लोंबकळते. अशा मुलाला मराठी वाचावयास बसवणे म्हणजे शाळेनंतरची आणखी एक शाळा. आई पाटी घेऊन बसते आणि मूल खिडकीकडे पाहते.

'चांदोबा'ने ही ओढाताण गोडीगुलाबीने मिटवली होती. परप्रांतातील स्टॉलवर मराठी अंक सहसा दिसत नसे. म्हणून वर्गणी भरणे हा सरळ मार्ग. मनीऑर्डर गेली की दर महिन्याला अंक दारात येई, आणि अनेक घरांत तो मुलाच्याच नावाने मागवलेला असे. घरातील सारी पत्रे वडिलांच्या नावाची, एवढी एकच वस्तू 'चिरंजीव' किंवा 'कुमारी' म्हणून येणारी! वेष्टणावरील आपले नाव वाचण्यासाठी तरी मुलाला मराठी अक्षरे जुळवावी लागत. मग आतली चित्रे पाहणे, चित्राखालची ओळ वाचणे, पुढचे कळावे म्हणून कोणाच्या तरी मागे लागणे, आणि एके दिवशी कोणीच रिकामे नाही म्हणून स्वतःच वाचू लागणे. आपल्या कित्येक मुलांचे मराठी वाचन असे, कोणी न शिकवता, सुरू झाले. बदलीची नोकरी असलेल्या घरांत तर नव्या गावी पोहोचताच पत्ता बदलल्याचे कार्ड टाकणे हे दूध लावण्याइतकेच निकडीचे काम होते.

आणखी एक गंमत होती, तिचे मोल आम्हांस आता अधिक जाणवते. निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्यांत चित्रे तीच असत आणि गोष्टीही बहुतांशी त्याच. शेजारच्या तमिळ घरातील मुलगा 'अंबुलिमामा' घेऊन येई, आपला मुलगा 'चांदोबा' उघडी, आणि दोघे ओट्यावर बसून तोच राजा, तोच राक्षस, तीच राजकन्या शोधून काढीत. एकाला दुसऱ्याचे अक्षर वाचता येत नसे, परंतु गोष्ट कोठवर आली हे दोघांनाही ठाऊक असे. राष्ट्रीय एकात्मतेवर आपण पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. ती इतक्या कमी खर्चात साधलेली आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.

हे सारे कसे संपले? १९९८ साली कामगारांच्या तंट्यामुळे प्रकाशन थांबले. सुमारे वर्षभराने ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा अनेकांना हायसे वाटले. २००७ साली मुंबईतील एका सॉफ्टवेअर कंपनीने मासिकाची मालकी घेतली. नवे रूप आले, संगणकावरही ते दिसू लागले. परंतु पुढे त्या कंपनीचीच घडी विस्कटली आणि २०१३ च्या सुमारास अंक निघणे थांबले. त्याच वर्षी, जुलै महिन्यात, आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. तिची तारीख आधी जाहीर झालेली होती. लोकांनी तारघरासमोर रांगा लावल्या, आठवण म्हणून स्वतःलाच तारा केल्या. तारेला असा निरोप मिळाला. 'चांदोबा'चा निरोपाचा अंक निघाला नाही. एका महिन्यात तो आला नाही, पुढच्या महिन्यातही आला नाही, आणि बंद झाल्याचे वर्गणीदाराला न येण्यावरूनच समजून घ्यावे लागले.

मासिक बंद करण्याचीही एक रीत असते. उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करावी, किंवा त्याबदली दुसरे मासिक पाठवावे, किंवा मुदत पुरी होईपर्यंत कसेबसे अंक काढून मग पडदा पाडावा. यांतले काहीच जमत नसेल तर निदान चार ओळींचे पत्र तरी धाडावे. पैशांची रक्कम किरकोळ असते; ती मनुष्य विसरून जातो. ज्या मुलाच्या नावाने अंक मागवलेला असतो, ते मूल विसरत नाही. आपल्याशी कोणीतरी बोलत होते आणि मध्येच उठून गेले, असे त्याला वाटत राहते. क्रमशः चाललेली कथा अर्धवट राहणे म्हणजे काय, हे मोठ्यांना समजावून सांगता येत नाही.

पुढे घराघरांत काय घडले, ते आपण सर्वांनी आजूबाजूला पाहिले आहे. काही घरांनी जुने अंक बांधून घेतले आणि ते खंड दागिन्यांसारखे जपले. काही हौशी संग्राहकांनी निरनिराळ्या भाषांतील जुने अंक मिळवून, पान अन् पान उतरवून, संगणकावर जतन केले. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. परंतु बहुसंख्य घरांत काहीच घडले नाही. 'चांदोबा'च्या जागी दुसरे मराठी मासिक आले नाही. ती जागा रिकामी राहिली, आणि रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नसल्यामुळे तेथे दूरचित्रवाणी आली, मग भ्रमणध्वनी आला. विक्रम-वेताळ मुलांना अजूनही माहीत आहेत. दूरदर्शनवर ते १९८५ सालीच हिंदीत अवतरले होते. गोष्ट हरवलेली नाही. हरवले ते मराठी अक्षरांतून गोष्टीपर्यंत पोहोचण्याचे कष्ट, आणि त्या कष्टांतला आनंद. सुटीत आजोबा गावाहून आले की नातू त्यांना अंक वाचून दाखवी, आजोबा उच्चार सुधारीत, आणि दोघांना जोडणारा एक विषय तयार असे. आज दोघे शेजारी बसतात आणि दोघेही आपापल्या पडद्यात पाहतात.

कारणे शोधू गेल्यास पुष्कळ सापडतात. कागद महागला, टपाल महागले, शाळा इंग्रजी झाल्या, मालकी बदलली. ही सारी खरी आहेत. परंतु मुलांच्या मासिकाला एक जन्मजात दुखणे असते, त्याकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. मोठ्यांच्या मासिकाचा वर्गणीदार तीस-चाळीस वर्षे टिकू शकतो. मुलांच्या मासिकाचा वाचक सात-आठ वर्षांत मोठा होतो आणि निघून जातो. त्याला कोणी दोष देऊ शकत नाही. मोठे होणे हा काही अपराध नव्हे. याचा अर्थ असा की मुलांच्या मासिकाला दर सात-आठ वर्षांनी जवळजवळ सगळे वाचक नव्याने मिळवावे लागतात. ते मिळतात एकाच वाटेने. काल मूल असलेला वाचक आज पालक होतो, आणि आपल्या मुलाच्या नावाने पुन्हा वर्गणी भरतो. ही साखळी जोवर जुळत राहते तोवर मासिक जगते. 'चांदोबा' थांबल्यावर देशभर ज्यांनी हळहळ व्यक्त केली, ती चाळीस-पन्नास-साठ वर्षांची माणसे होती. दहा वर्षांचे मूल हळहळत नव्हते, कारण पुष्कळशा दहा वर्षांच्या मुलांची आणि त्याची गाठच पडलेली नव्हती.

भाषेचे आणि मंडळाचेही असेच आहे. मंडळाचा प्रत्येक सभासद कधीतरी थकणार, बदलीने दुसरीकडे जाणार. पन्नास वर्षे हे मंडळ टिकले, कारण दर पिढीत कोणीतरी आपल्या मुलांना हाताला धरून गणेशोत्सवाला घेऊन आले आणि त्यांच्या हातात सतरंजीचे एक टोक दिले. आठवणी पुष्कळ होत्या म्हणून मंडळ टिकलेले नाही. वर्गणी दर वर्षी नव्याने भरली गेली म्हणून ते टिकले.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळापुढे एक साधी विनंती ठेवतो. मराठीत मुलांची मासिके आजही निघत आहेत. बालभारतीचे 'किशोर' १९७१ सालापासून चालू आहे, आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. मंडळाच्या वाचनालयात मुलांच्या मासिकाचा एक अंक घेतला की वीस घरांची सोय होते, हे खरे. परंतु प्रकाशकाच्या वहीत ती वीस घरे एकच वर्गणीदार म्हणून नोंदली जातात. तेव्हा ज्या घरात शाळेत जाणारे मूल आहे त्या घराने त्या मुलाच्या स्वतःच्या नावाने एका तरी मराठी मासिकाची वर्गणी भरावी. ज्यांना ते शक्य नाही त्यांची वर्गणी मंडळाने भरावी. महोत्सवाच्या खर्चात तेवढी रक्कम सहज निघेल. आणि महिन्यातून एका रविवारी मुलांनी तो अंक येथे, याच सभागृहात, मोठ्याने वाचावा. मोठ्यांनी फक्त ऐकावे. 'ळ' चुकला तर हसू नये.

विक्रमाचे प्रेत वेताळासह दर वेळी झाडावर परत जाई, आणि राजा दर वेळी पुन्हा पाऊल उचली. कंटाळा न करता पुन्हा जाणे, एवढेच त्या राजाचे मोठेपण. परप्रांतात मराठी जपणाऱ्या आपणा सर्वांना तेवढे मोठेपण लाभो, अशी प्रार्थना आम्ही करतो.