डोंगरी ओढ्यांतला मासा

बारामती आणि इंदापूर हीं नांवें घेतांच डोळ्यांपुढें उभे राहतात ते उंसाचे मळे व त्यांना पाणी देणारा नीरेचा डावा कालवा. तें पाणी भोरकडच्या सह्याद्रींतून येतें, हें अनेकांस ठाऊक असतें. परंतु सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणारा मासा फारसा कोणाच्या परिचयाचा नसतो.

फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानें १८७२ सालीं पुण्याहून मिळालेल्या एका चिमुकल्या माशाचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज शास्त्रांत त्याला इंडोरिओनेक्टेस एव्हेझार्डी म्हणतात. देह लांबट, तोंडाभोवतीं मिशा. बहुतेक माशांना तरंगत ठेवणारी हवेची पिशवी याच्या कुळांत अगदीं लहान होऊन हाडाच्या कोशांत बंदिस्त झालेली असते. त्यामुळें हा मासा तळाशीं, गोट्यांच्या आडोशाला राहतो आणि वेगाचें पाणी त्याच्या डोक्यावरून निघून जातें. जी उणीव वाटावी, तीच तेथें त्याचें बळ ठरते.

परंतु हें बळ वाहत्या पाण्यापुरतेंच. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि इंदापूरच्या बाजूस भीमेचा विस्तीर्ण जलाशय झाला. संथ पाण्यांत गाळ बसतो, गोट्यांमधल्या फटी बुजतात, आणि तळाशीं राहणाऱ्याचें घरच नाहींसें होतें.

धरणें शेतीला हवींच. तीं मोडावीं असें कोण म्हणेल? म्हणूनच उगमाकडील ओढ्यांचें मोल अधिक. तेथील गोटे उपसले, प्रवाह अडविला, तर या माशाला मागें सरावयास जागा उरणार नाहीं. ज्यांच्या शिवारांत कालव्याचें पाणी खेळतें, त्यांनीं एवढी जाणीव ठेवावी.