उरलेलें अन्न आणि घरची काटकसर

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत धर्मग्रामाच्या इतिहासाविषयीं अथवा पूर्वजांच्या श्रद्धेविषयीं बोलण्याचा प्रघात आहे. मला नेमून दिलेला विषय मात्र चुलीजवळचा आहे: काल उरलेलें आणि फडताळांत विसरलेलें अन्न. विषय लहान दिसतो, परंतु शुभवर्तमानाला तो लहान वाटलेला नाहीं. पांच हजारांना जेवूं घातल्यावर प्रभूनें शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास लावले आणि त्या तुकड्यांनीं बारा टोपल्या भरल्या, असें योहान सांगतो. ज्याला भाकरीची वानवा नव्हती, त्यानेंच तुकडे वेंचविले. यावरून काटकसर ही दारिद्र्याची खूण नसून अन्नाविषयींच्या आदराची खूण आहे, हें उघड होतें.

आपल्या घरांत उरलेल्या अन्नाची वाट दोन प्रकारांनीं लागते. एक तर तें बाहेर टाकलें जातें. नाहीं तर सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर घरची आई किंवा सून तें मुकाट्यानें खाते. या दुसऱ्या प्रकाराला आपण काटकसर म्हणतों व त्या बाईची वाखाणणी करतों. माझें म्हणणें असें कीं, ही काटकसर नव्हे. साऱ्या घराची बचत एकाच पोटावर लादणें हा अन्याय आहे. उरलेल्या अन्नाचा असा पदार्थ झाला पाहिजे, कीं तो सर्वांच्या ताटांत सारखा वाढतां येईल.

दोन आंकडे सांगतें. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न वाया गेलें, आणि त्यांतील साठ टक्के घराघरांतून गेलें. दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी असल्याचें आढळलें. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण २५ टक्के होतें. रक्त कमी असण्याचीं कारणें पुष्कळ आहेत. तरी सर्वांच्या शेवटीं जेवावयास बसणारीच्या पानांत काय पडतें, हा प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःला विचारावा.

आतां भातापासून आरंभ करूं. फोडणीचा भात सर्वांस ठाऊक आहे. परंतु रोज तोच केला तर मुलें कंटाळतात. उरलेला भात हातानें चांगला मळून तांदळाच्या पिठांत मिसळला, तर भाकरी मऊ होते व थापतांना कडेला चिरत नाहीं. त्याच भातांत चण्याचें पीठ, कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर घातली कीं थालिपीठें होतात. येथें एक गोष्ट मात्र ध्यानांत धरावी. तांदळांत एका जातीच्या जंतूंचीं बीजें असतात व तीं शिजवूनहि मरत नाहींत. भात तासन्‌तास कोमट राहिला तर हे जंतु वाढून विष उत्पन्न करतात, आणि तें विष पुन्हां तापविल्यानें जात नाहीं. म्हणून उरणारा भात पसरट भांड्यांत निववून दोन तासांच्या आंत फ्रिजमध्यें ठेवावा, दुसऱ्या दिवशीं संपवावा, व वाफ येईपर्यंत एकदांच तापवावा. ज्या भाताला वास येत नाहीं तो निर्दोषच असतो, असें समजूं नये.

कालवणाच्या बाबतींत गोव्याच्या आपल्या बांधवांकडून शिकण्यासारखें आहे. त्यांच्या घरीं ‘काल्ची कडी’ म्हणून न्याहरीचा एक पदार्थ असतो. नांवाचा अर्थच कालचें कालवण. रात्रीं मासळीच्या तुकड्या संपल्या, कीं मागें राहिलेला नारळाचा रस सकाळीं मातीच्या भांड्यांत मंद विस्तवावर आटवितात आणि तो घट्ट झाला म्हणजे पेजेबरोबर किंवा पावाबरोबर खातात. ती न्याहरी सारें घर आवडीनें खातें. तिला शिळें म्हणून कोणी नाक मुरडीत नाहीं. उरलेल्या रसाला स्वतःचें नांव मिळालें आणि त्याबरोबर मानहि मिळाला. आपणहि आपल्या उरल्यासुरल्या पदार्थांना नांवें द्यावीं, असें मला वाटतें. एवढेंच कीं नारळाचें कालवण आपल्या हवेंत लवकर नासतें. म्हणून तें निजण्यापूर्वीं उकळून, निववून, थंड जागीं ठेवलें पाहिजे. याच्या उलट सोरपोतेल. डुकराचें काळीज व इतर अवयव, जे दुसरीकडे टाकून देतात, ते त्यांत कामीं येतात. आणि शिरक्याच्या आंबटपणामुळें तें टिकतें, इतकेंच नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं अधिक मुरतें.

पाव शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळें नव्हे. त्यांतील पिठूळ सत्त्व पुन्हां घट्ट होतें म्हणून होतो. पाण्याचा हात लावून तव्यावर झांकण घालून गरम केला, कीं तो कांहीं वेळ मऊ होतो. फ्रिजमध्यें ठेवलेला पाव मात्र अधिकच लवकर कडक होतो. चार शिळे पाव कुस्करून त्यांत दोन पेले दूध, तीन अंडीं, अर्धी वाटी साखर व चिमूटभर जायफळ घालावें, आणि वाफेवर अर्धा तास ठेवावें. मुलांना उत्तम पुडिंग मिळतें. अगदीं वाळलेल्या पावाचा चुरा कटलेटांना लावावा. परंतु बुरशीचा ठिपका दिसला तर सबंध पाव टाकावा, कारण तिचे तंतु डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

आतां विसरलेल्या जिनसांकडे वळूं. दोडक्याच्या शिरा तिळांबरोबर परतून त्यांची चटणी होते. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग दुधी भोपळ्यासारखा शिजतो. शेवग्याच्या शेंगा आपण विकत आणतों आणि त्याच झाडाचा पाला, ज्यांत चुना व लोह भरपूर आहे, तो झाडून टाकतों. पावसाच्या तोंडावर बाजारांत शेवळें येतात. त्यांबरोबर काकडें अवश्य घ्यावींत, कारण त्या आंबट रसावांचून शेवळें घशाला खाजतात. ओळख नसलेली रानभाजी मात्र कोणीहि खुडूं नये.

फणसाच्या आठळ्या व सुकट यांचा मेळ तर आपल्या किनाऱ्याचाच आहे. त्याची कृति सांगतें. वीस आठळ्या ठेंचून वरची पांढरी साल काढावी व मिठाच्या पाण्यांत मऊ शिजवाव्या; कच्च्या आठळ्या पचनाला बाधक असतात. एक वाटी सुकट निवडून, कोरडी भाजून, धुवून घ्यावी. दोन कांदे तेलांत परतावे. त्यांत सहा लसणीच्या पाकळ्या, हळद व दोन लहान चमचे घरचा मसाला घालावा. मग आठळ्या, सुकट व तीन कोकमें टाकून, पाण्याचा हबका मारून, झांकण ठेवून दहा मिनिटें शिजूं द्यावें. सुकटींत मीठ असतें, म्हणून मीठ शेवटीं चाखून घालावें. भाकरीबरोबर पांच माणसांना हें कालवण पुरतें, आणि त्यासाठीं बाजारांतून कांहींच आणावें लागत नाहीं.

हें सर्व टिकावयाचें तर तीन नेम पाळावे. पहिला, मोजून रांधावें. एक वाटी तांदळाचा सुमारें तीन वाट्या भात होतो, हें घरांतील मुलांनाहि ठाऊक असावें. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें, तेव्हां असें माप सक्तीनें शिकावें लागलें. आपण तें खुशीनें शिकावें. दुसरा, रविवारचा बाजार करण्यापूर्वीं शनिवारीं फडताळ व फ्रिज उघडून पाहावें, आणि जें मागें राहिलें असेल तें आधीं शिजवावें. हें काम एकट्या गृहिणीचें नव्हे. पुरुषांनीं व मुलांनींहि तें करावें. तिसरा नेम सर्वांत महत्त्वाचा. जें आपण आपल्या मुलाच्या ताटांत वाढणार नाहीं, तें मोलकरणीच्या हातावर ठेवूं नये आणि दारीं आलेल्या भुकेल्याला देऊं नये. द्यावयाचेंच असेल तर त्याच संध्याकाळीं, ताजें असतांना द्यावें. महोत्सवाच्या मेजवानीच्या हंड्यांनाहि हाच नियम लागू आहे.

बंधुभगिनींनो, आज रात्रीं आपल्या घरीं कांहीं तरी उरेलच. उद्यां सकाळीं त्याचा चांगला पदार्थ करा, आणि तो करणारीला सर्वांबरोबर जेवावयास बसवा. ताट तिच्या पुढें आधीं ठेवा.