रविवारच्या सहलीचे अर्थशास्त्र

(पश्चिम उपनगरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप.)



महागाई, बेकारी आणि घरांचा प्रश्न यांवर सकाळपासून पुष्कळ चर्चा झाली. मी थोडा हलका वाटेल असा विषय घेतला आहे. घाटकोपर किंवा मुलुंडच्या वस्तीत राहणाऱ्या, हातावर पोट असलेल्या एखाद्या कुटुंबाने एका रविवारी उपनगरातील प्रेक्षणीय स्थळे पाहावयाचे ठरविले, तर ते त्याला कितपत परवडते? प्रश्न चैनीचा वाटेल. परंतु शहराची संपत्ती खरोखर कोणाची आहे, हे कामाच्या दिवसापेक्षा सुट्टीच्या दिवशी अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम ही सुट्टीच घ्या. रविवारची सुट्टी मुंबईच्या कामगाराला कोणी दान म्हणून दिलेली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे मागणे मांडले, त्यात आठवड्याच्या सुट्टीचा समावेश होता. गिरणीमालकांनी ते १० जून १८९० रोजी मान्य केले. मधली सहा वर्षे अर्ज, सभा आणि चिकाटी यांत गेली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात आठवड्याची सुट्टी आणि पगारी वार्षिक रजा या दोन्हींची तरतूद झाली. पण आज घरोघर जेवणाचे डबे आणि किराणा पोचविणाऱ्या तरुणाला विचारा. त्याला सुट्टी घेण्यास कोणी मनाई करीत नाही. फक्त त्या दिवशीची मिळकत बुडते. रविवारी तर मागणी जास्त, म्हणून त्याने हमखास कामावर यावे अशी व्यवस्था. लोखंड्यांनी मिळविलेला दिवस त्याच्यापुरता कॅलेंडरवर तेवढा उरला आहे.

ज्याला सुट्टी आहे, त्याने जावे कोठे? आपल्या उपनगरांत पाहण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटते. जोगेश्वरीचे शैव लेणे सहाव्या शतकातील आहे आणि ते आज दाट वस्तीच्या ऐन मध्यभागी आहे. बोरिवलीजवळ मंडपेश्वर आहे. तेथील शैव लेण्याचे पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती प्रार्थनास्थळ झाले आणि मराठ्यांनी साष्टी जिंकल्यानंतर ते पुन्हा पालटले. एकाच खडकाने इतकी स्थित्यंतरे पाहिली. आणि कान्हेरी! शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह सुमारे हजार वर्षे घडत राहिला. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नोंद आहे. हे दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे. त्यांत व्यापारी आहेत, तसे सोनार आणि लोहारही आहेत. कोणी लेणे कोरविले, कोणी पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदविले. डोंगरावर पडणारा पाऊस पन्हळींवाटे या टाक्यांत उतरविलेला आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मला तेथे नेऊन दाखवावेसे वाटते की, सार्वजनिक सोय ही कारागिरांच्या कमाईतूनही उभी राहिलेली आहे.

आता खर्च मांडू. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट पाच रुपये आहे. या महानगरात एवढ्या स्वस्तात इतके अंतर काटणारे दुसरे साधन नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिने पूर्व-पश्चिम प्रवासाचे हाल कमी केले, पण तिचे भाडे दहापासून चाळीस रुपयांपर्यंत जाते. बेस्टचे किमान भाडे २०१९ साली पाच रुपये केले होते. मे २०२५ मध्ये ते दहा झाले. म्हणजे स्टेशनपर्यंत जाण्यायेण्यालाच चौघांचे कुटुंब पूर्वीच्या दुप्पट मोजते. त्यातून रविवार हा रेल्वेच्या मेगाब्लॉकचाही दिवस. रूळ दुरुस्त झालेच पाहिजेत, याविषयी वाद नाही. पण त्या दिवशी रस्त्यावर जादा बसगाड्या असाव्यात, एवढे मागणे अवाजवी म्हणता येईल काय?

बोरिवलीस पोचल्यावर राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी एक तिकीट, आत लेण्यांपर्यंतच्या काही किलोमीटरसाठी बसचे दुसरे, आणि लेण्यांच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे पंचवीस रुपयांचे तिसरे. पंधरा वर्षांखालील मुलांना हे शेवटचे तिकीट पडत नाही, हे चांगले आहे. सुटी सुटी पाहिली तर रक्कम किरकोळ वाटते. बेरीज केली की रोजंदारीवरील बाई आकडा ऐकते आणि मुलांना सांगते, “पुढच्या रविवारी जाऊ.” मग ती मुले मॉलमध्ये जातात. तेथे प्रवेश फुकट, हवा थंड, आणि पाहण्याजोगी प्रत्येक वस्तू विकत घेण्याची. ज्या समाजात बाजार फुकट आणि डोंगर तिकिटाचा, तेथे मुले काय शिकतात हे मी सांगावयास नको.

याला एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल नाजूक आहे. त्यात बिबट्यांचा वास आहे, तुळशी आणि विहार हे तलाव आहेत. १८६० साली पुरे झालेल्या विहारने तर मुंबईला पहिले नळाचे पाणी दिले. गर्दी लोटली तर जंगल राहील कसे? मला हे मान्य आहे की संख्येवर मर्यादा हवी. पण मर्यादा घालण्याचे दोन मार्ग असतात: एक खिशाचा, दुसरा पाळीचा. रॉकेल आणि साखर टंचाईच्या काळात आपण शिधापत्रिकेवर वाटली; ज्याचा खिसा मोठा त्याने सगळे न्यावे असे म्हटले नाही. मोटारीला जबर शुल्क लावा, पायी येणाऱ्याला पाळी द्या. जंगलाचे रक्षण होईल आणि न्यायही होईल. आणि याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पाड्यांवरील आदिवासींना पाण्यासाठी आणि विजेसाठी झगडावे लागते, ही गोष्ट संरक्षणाच्या नावाखाली झाकता येणार नाही.

अन्यत्र काय झाले ते पाहा. १९३६ साली फ्रान्समध्ये लेऑं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. पण ते सरकार तेथे थांबले नाही. लिओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याने रेल्वेचे सवलतीचे सुट्टी-तिकीट काढले, आणि असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. नुसती रजा देऊन भागत नाही, रजा भोगण्याची साधनेही द्यावी लागतात, हा त्यातला धडा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे असे काम लहान आणि नेमके आहे. रविवारी बेस्ट, लोकल आणि मेट्रो तिन्हींवर चालणारा एकच स्वस्त कौटुंबिक पास असावा. महापालिका शाळेतील प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा कान्हेरी विनामूल्य पाहावी. लेण्यांजवळ पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे असावीत. आणि कंत्राटी व डबे पोचविणाऱ्या कामगारांना आठवड्याची पगारी सुट्टी मिळावी. कारण ती नसेल तर पहिल्या तीन मागण्या त्यांच्यापुरत्या व्यर्थ आहेत.

यासाठी मोर्चा काढण्यापूर्वी एक गोष्ट करा. आपल्या वस्तीतील दहा घरांत जा, गेल्या वर्षभरात हे कुटुंब एकत्र कोठे फिरावयास गेले होते एवढेच विचारा, आणि उत्तरे वहीत उतरवून घ्या. महापालिकेच्या दारी जाताना ती वही आपल्या हातात असली पाहिजे.