परवलीचा शब्द जुळत नाही तेव्हा



हिंगोली हे एकेकाळी निजामाच्या कंटिंजंट फौजेचे ठाणे होते. छावणीतील पहारेकरी रात्री येणाऱ्यास हटकून परवलीचा शब्द विचारतो. तो जुळला तर वाट मोकळी. हाच शब्द आज 'पासवर्ड' या नावाने शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या टेबलावर येऊन बसला आहे. शिक्षकांची वेतनदेयके 'शालार्थ' प्रणालीत तयार होतात. २४ एप्रिल २०२० रोजी 'ई-ग्रामस्वराज' सुरू झाल्यापासून पंचायतींचे हिशेबही संगणकावरच आले आहेत. पडद्यावर 'पासवर्ड जुळत नाही' असे उमटले की देयक अडते, आणि महिनाअखेरीस अडलेले देयक म्हणजे लांबलेला पगार.

पहारेकऱ्याला खरा शब्द ठाऊक असतो. नीट बांधलेल्या संगणक प्रणालीला तो ठाऊक नसतो! गणिती क्रियेने काढलेला शब्दाचा ठसा तेवढा तिच्याजवळ असतो. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली ही पद्धत विशद केली. ठशात मिसळावयाच्या अंकांना त्यांनी चक्क 'मीठ' म्हटले. एक अक्षर बदलले तरी सारा ठसा बदलतो. म्हणून 'जवळजवळ बरोबर' असे येथे काही नसते.

मग चूक कोठे होते? पुष्कळदा ती बोटांत नसून कळफलकात असते. मराठी पत्र टंकलिखित करून झाल्यावर कळफलक देवनागरीतच राहतो आणि पडद्यावर केवळ ठिपके दिसत असल्याने ते ध्यानात येत नाही. शब्द आधी कोऱ्या पानावर टाइप करून पाहावा व लगेच पुसून टाकावा. मोठ्या लिपीची कळ दाबलेली असली तर तीही उघडकीस येते. भ्रमणध्वनीवरील संदेशातून उचललेल्या शब्दाच्या शेवटी एखादी रिकामी जागा चिकटून येते, ती तर डोळ्यांना दिसतच नाही. वापरकर्त्याचे नावही तपासावे, कारण दोहोंपैकी काय चुकले हे प्रणाली मुद्दामच सांगत नाही. परक्याला तेवढाही सुगावा लागू नये.

मोठ्या प्रणालीत आणखी एक गुंता असतो. पासवर्ड एका ठिकाणी बदलला, पण ब्राउझरने किंवा पाठीमागे चालणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमाने जुनाच जपून ठेवलेला असतो. तो पुनःपुन्हा पाठविला जातो आणि माणसाने कळीला हात न लावताही खाते कुलूपबंद होते. अशा वेळी जपलेला जुना शब्द आधी काढून टाकावा, मगच खाते उघडून घ्यावे. बंद खात्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे व्यर्थ होय.

बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्याचा पासवर्ड विचारून काम भागविण्याची रीत मात्र घातक आहे. अपहार झाल्यास नोंद त्याच्याच नावे निघते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नव्याने रुजू झालेल्याने स्वतःच्या नावाचे खाते मागावे. विसरलेला शब्द जिल्ह्याच्या तांत्रिक कक्षाकडे मागूनही मिळत नाही. त्यांच्याकडेही असतो तो ठसाच. ते नवा शब्द घालून देतात आणि पहिल्याच प्रवेशात तो बदलावयाचा असतो.